नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत

बँकेत एखादे काम अडले की काउंटरपलीकडून येणारे उत्तर महाराष्ट्रात कुठेही गेले तरी सारखेच असते: ‘रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.’ त्यापुढे बोलणे खुंटते. समोरचा माणूस निवृत्त शिक्षक असो, भाजीचा गाळा चालवणारी बाई असो की पीककर्जासाठी तालुक्याला आलेला शेतकरी, त्याने तो नियम वाचलेला नसतो आणि वाचायला मागितला तरी सहसा कोणी दाखवत नाही. बँकांच्या सेवेविषयी ओरड वाढली तसे बँकांची बाजू घेणारेही वाढले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की बँका कायद्याने बांधलेल्या आहेत. काळा पैसा आणि सायबर चोरी रोखायची तर कागद मागावेच लागतात. शाखांमध्ये माणसे कमी आहेत. आणि ग्राहकच नॉमिनी लावत नाही, मोबाइल नंबर बदलल्याचे कळवत नाही, घरबसल्या होणाऱ्या कामासाठी शाखेत गर्दी करतो.

हे म्हणणे वरवर पटते, म्हणूनच ते एकेक मुद्दा घेऊन तपासायला हवे. तपासले की चित्र वेगळेच दिसते. ग्राहक जिथे रडकुंडीला येतो, त्यातल्या बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेचा नियम त्याच्याच बाजूने लिहिलेला आहे, काही बाबतींत तर वीस वर्षांपूर्वी. त्रास नियमातून येत नाही. बँक तो नियम मोडते आणि मोडल्याबद्दल तिला काहीच भोगावे लागत नाही, यातून तो येतो.

मृत्यूनंतरच्या दाव्यापासून सुरुवात करू, कारण बँकेचा कोरडेपणा इथे सर्वांत जास्त बोचतो. नवरा वारला आहे. त्याच्या बचत खात्यावर आणि एफडीवर बायकोचे नाव नॉमिनी म्हणून लागलेले आहे. तेरावे उरकल्यावर ती मृत्यूचा दाखला, आधार कार्ड आणि पासबुक घेऊन शाखेत जाते. तिला वारस दाखला आणायला सांगितले जाते. महाराष्ट्रात न्यायालयातून वारस दाखला काढायचा तर अजूनही १८२७ सालच्या मुंबई रेग्युलेशनचा आधार घ्यावा लागतो. अर्ज, जाहीर नोटीस, वकिलाची फी आणि महिनोन्‌महिने तारखा. कुठे वारस दाखल्याऐवजी हमीपत्र मागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात किमान मुद्रांक शुल्क १०० रुपयांवरून ५०० रुपये झाले, तेव्हापासून अशा कागदांचा खर्च वाढला. शिवाय सगळ्या मुलांची ना हरकत पत्रे हवीत, मग मुलगी लग्न होऊन परराज्यात असली तरी तिने येऊन सही करायची. वर दोन जामीनदार, आणि तेही त्याच शाखेचे खातेदार असले तर बरे. घरातला कमावता माणूस गेल्यावर ज्या पैशांवर पुढचे चार महिने काढायचे, तेच पैसे असे अडकून पडतात.

आता नियम पाहा. ९ जून २००५ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना स्पष्ट बजावले, की खात्याला नॉमिनी असेल, किंवा खाते दोघांच्या नावावर असून हयात असेल त्याला पैसे द्यायचे असे ठरलेले असेल, तर वारस दाखला, प्रोबेट, हमीपत्र, जामीन यांतले काहीही मागू नये. रक्कम कितीही असो. ओळख पटली आणि मृत्यूचा पुरावा मिळाला की दावा पंधरा दिवसांत निकाली काढायचा. माजी डेप्युटी गव्हर्नर एस. एस. तारापोर यांच्या समितीने सामान्य माणसाचे हाल पाहून केलेल्या शिफारशींवर ते परिपत्रक आधारलेले होते. त्यात संदिग्ध असे काही नाही. एखाद्या शाखाधिकाऱ्याला ते माहीत नसेल, तर त्याला प्रशिक्षण देण्यात बँक वीस वर्षे कमी पडली. माहीत असूनही तो कागद मागत असेल, तर तो नियम मोडतो आहे. दोन्ही प्रकारांत दोष त्या बाईचा नाही.

यावर बँकवाले एक कायदेशीर शंका पुढे करतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे; उद्या दुसरा वारस कोर्टात गेला तर बँक अडचणीत येईल. यातले पहिले वाक्य खरे आहे, दुसरे चूक. बँकिंग नियमन कायद्याचे कलम ४५ झेडए नेमके याच भीतीसाठी आहे. नॉमिनीला पैसे दिले की बँकेची जबाबदारी पुरती संपते. कोणा वारसाला हक्क सांगायचा असेल तर त्याने नॉमिनीविरुद्ध सांगावा. कोर्टाचा मनाई हुकूम हातात नसेल तर बँकेला त्या भांडणात पडायचे कारण नाही. संसदेने बँकेला एवढे भक्कम संरक्षण दिलेले असताना त्याच भीतीपोटी विधवेकडून हमीपत्र लिहून घेणे म्हणजे कायद्याने बँकेवरून उतरवलेले ओझे पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवणे.

नॉमिनी नसेल तर प्रश्न थोडा अवघड होतो, हे मान्य. तिथेही २००५ मध्ये बँकांना सांगितले होते, की लहान रकमांसाठी साधी पद्धत ठेवा आणि मर्यादा तुमची तुम्ही ठरवा. प्रत्येक बँकेने आपापली मर्यादा ठरवली, आपापले अर्ज छापले आणि एकाच घरातल्या माणसांना तीन बँकांत तीन तऱ्हेचे कागद द्यावे लागले. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ते अमलात आणण्याचे बंधन घातले. नॉमिनी नसला तरी १५ लाखांपर्यंतचे दावे, सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतचे, सोप्या पद्धतीने द्यायचे. कागद पूर्ण झाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत. ती चुकली आणि चूक बँकेची असली, तर ठेवीवर रिझर्व्ह बँकेचा ‘बँक दर’ अधिक ४ टक्के या दराने व्याज, आणि लॉकरच्या बाबतीत दिवसाला ५,००० रुपये भरपाई. त्याच सुमारास, १ नोव्हेंबर २०२५ पासून, एका खात्याला चार नॉमिनी लावायची सोयही झाली.

पंधरा दिवसांची मुदत २००५ मध्येही होती. २०२५ मध्ये नव्याने आला तो दंड. वीस वर्षांत नुसत्या सूचनांनी काय साधले, याचे उत्तर नियामकानेच या दुरुस्तीतून दिले आहे. ‘नियमामुळे त्रास होतो’ म्हणणाऱ्यांनी या एका बदलाचा अर्थ लावून दाखवावा.

दावा अडला किंवा कोणी केलाच नाही, तर पैसा पडून राहतो. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागृती निधीत जातात. मार्च २०२४ अखेर या निधीतली रक्कम ७८,२१३ कोटी रुपये होती. हा सगळा पैसा बँकांनी अडवला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. माणसे गाव बदलतात, जुनी पासबुके ट्रंकेत राहतात, मुलांना वडिलांची खाती ठाऊक नसतात. पण पहिल्याच हेलपाट्यात ज्याला हमीपत्राची भीती घातली जाते, तो दोन-तीन हजारांच्या खात्यासाठी पुन्हा येत नाही, आणि असे लाखो ‘पुन्हा न येणारे’ मिळूनच हे आकडे फुगतात. मुंबईच्या पत्रकार सुचेता दलाल यांनी या पैशांची माहिती वारसांना एका जागी मिळावी म्हणून जनहित याचिका केली, तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँकेला नोटीस काढली. वर्षभराने, ऑगस्ट २०२३ मध्ये, ‘उद्‌गम’ हे संकेतस्थळ सुरू झाले. बँकांकडे ही सगळी नावे आधीपासून होती.

केवायसीवर बँकांची बाजू सर्वांत बळकट आहे, म्हणून ती नीट ऐकून घ्यायला हवी. काळा पैसा रोखण्याचा कायदा २००२ चा आहे आणि त्याखाली ग्राहकाची ओळख वेळोवेळी पडताळण्याची सक्ती आहे. ती न पाळणाऱ्याची गय होत नाही. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी घ्यायला मनाई केली आणि तो व्यवसाय जवळजवळ संपला. हे पाहिलेला शाखाधिकारी कागद जरा जास्तच मागणार, हे समजण्यासारखे आहे.

पण या सक्तीचे तपशील बँकांची बाजू घेणारे कधी सांगत नाहीत. कमी जोखमीच्या ग्राहकाची, म्हणजे बहुतेक पगारदार, पेन्शनर, गृहिणी आणि शेतकऱ्यांची, केवायसी दहा वर्षांतून एकदा ताजी करायची असते. माहितीत बदल नसेल तर ‘बदल नाही’ एवढे स्वतः लिहून दिले तरी पुरते, आणि ते ईमेलने, मोबाइलवरून, एटीएमवरून देता येते, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा जाहीर केले. जून २०२५ च्या दुरुस्तीत बँकांवर बंधन आले, की मुदतीआधी तीन सूचना द्यायच्या, त्यांतली किमान एक पत्राने. मुदत उलटल्यावर आणखी तीन, त्यांतही एक पत्राने. कागद दिल्याची तारखेसह पोच द्यायची. बंद पडलेले खाते कोणत्याही शाखेत चालू करून मिळायला हवे आणि त्यासाठी एक पैसाही आकारता येत नाही.

प्रत्यक्षात काय होते, ते खातेदारांना विचारावे. एटीएममधून पैसे निघाले नाहीत म्हणून माणूस शाखेत जातो, तेव्हा त्याला कळते की खाते गोठवले आहे. ‘होम ब्रँचला जा’ असे सांगतात, आणि होम ब्रँच वीस वर्षांपूर्वीच्या नोकरीच्या गावी. तिथे जाऊन आधार आणि पॅनच्या झेरॉक्स दिल्या तर पोच मिळत नाही, आणि पुढच्या खेपेला झेरॉक्स सापडत नाहीत. ही तक्रार फक्त ग्राहकांची नाही. मार्च २०२५ मध्ये, बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांच्या परिषदेत, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीच बँकांना सुनावले, की तेच तेच कागद ग्राहकाकडे पुन्हा मागू नका. केवायसीची केंद्रीय नोंदवही २०१६ पासून चालू आहे. तिच्यातून कागद पाहण्याची सोय बहुतेक बँकांनी आपल्या शाखांना करून दिलेली नाही, हेही त्यांनी बोलून दाखवले. म्हणजे सरकारने नोंदवही उभारली, ग्राहकाने कागद दिले, आणि बँकेने आपल्या शाखेच्या संगणकाला ती जोडली नाही. खाते मात्र ग्राहकाचे गोठले.

केवायसी अपुरी राहिली तर बँकेला दंड होतो. केवायसीच्या नावाखाली पेन्शन तीन महिने अडकली तर बँकेला काहीच होत नाही. अशा व्यवस्थेत शाखाधिकाऱ्याने कोणत्या बाजूला चूक करायची हे आधीच ठरलेले असते. त्याच्या स्वभावाला दोष देऊन भागणार नाही.

सर्वांत अशक्त माणसांचे काय होते, याची दोन उदाहरणे देशाने पाहिली आहेत. दोन्ही ओडिशातली. जून २०२० मध्ये नुआपाडा जिल्ह्यात एका वृद्ध मुलीने शंभरीच्या आसपासच्या आपल्या अंथरुणाला खिळलेल्या आईला खाटेसकट रस्त्यावरून ओढत बँकेत नेले. कोरोनाच्या काळात जनधन खात्यात आलेले १,५०० रुपये काढायचे होते आणि खातेदार समोर हवा होता. चित्रफीत देशभर गेली आणि शाखाधिकारी निलंबित झाला. एप्रिल २०२३ मध्ये नबरंगपूर जिल्ह्यात सत्तरीची एक बाई मोडक्या खुर्चीचा आधार घेत अनवाणी पेन्शन आणायला निघालेली दिसली. तिच्या बोटांचे ठसे यंत्रावर जुळत नव्हते. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी समाजमाध्यमावर विचारले, तिथे बँकेचा गावातला प्रतिनिधी, म्हणजे बँक मित्र, नाही का. मग बँक हलली.

या दोन्ही घटनांच्या आधी, ९ नोव्हेंबर २०१७ रोजी, रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक निघालेले होते: सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग ग्राहकांना रोख रक्कम घरपोच देण्याची आणि त्यांच्याकडून जमा करून घेण्याची सोय करा, आणि ती ३१ डिसेंबर २०१७ पर्यंत करा. शाखाधिकाऱ्याला निलंबित करणे सोपे होते. शाखेबाहेर जायला माणूस, त्याचा प्रवासखर्च आणि त्या वेळेत काउंटर सांभाळायला दुसरा माणूस, हे देणे मुख्यालयाचे काम होते. त्या मुख्यालयातल्या कोणाला जाब विचारल्याचे कधी ऐकू आले नाही. अंगठा न उमटणारे म्हातारे महाराष्ट्रातही गावोगाव आहेत. ऊसतोडीत, भातलावणीत आणि धुण्याभांड्यांत रेषा झिजलेल्या हातांना यंत्र ओळखत नाही, आणि यंत्र ओळखत नाही म्हणून बँक ओळखत नाही.

‘सगळे मोबाइलवर होते, शाखेत येता कशाला’ हा सल्ला देणाऱ्यांनी मोबाइलवरून पैसे गेल्यावर काय होते तेही पाहावे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेच्या चुकीने पैसे गेले तर ग्राहकावर कसलाही भार नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुठल्या यंत्रणेची असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास सगळा तोटा बँकेचा. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात परत टाकायची. आणि सर्वांत महत्त्वाचे, ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, हा नियमही त्याच कागदात आहे आणि तो न्याय्य आहे. पण शाखेत गेलेल्या माणसाला पहिल्या मिनिटाला ऐकवले जाते, ‘तुम्हीच ओटीपी दिला असणार’. सिद्ध कोणी करायचे हे बँकेने परस्पर उलटवून टाकलेले असते.

पैसे कापण्याच्या बाबतीत मात्र यंत्रणेला कधी अडचण आली नाही. स्टेट बँकेने २०१७ मध्ये किमान शिलकीचा दंड पुन्हा सुरू केला आणि एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत १,७७१ कोटी रुपये गोळा केले. त्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीतला तिचा निव्वळ नफा याहून कमी, १,५८१ कोटी होता. मार्च २०२० मध्ये तिने हा दंड सोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये अर्थराज्यमंत्री भागवत कराड यांनी राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार २०१८ पासून सार्वजनिक बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी किमान शिलकीपोटी सुमारे २१ हजार कोटी गोळा केले. एटीएम आणि एसएमएसचे शुल्क धरून हा आकडा ३५ हजार कोटींवर जातो. ज्याच्या खात्यात पैसे कमी, त्याच्याकडूनच हा दंड वसूल होतो.

खाते सांभाळायला खर्च येतो, तो कोणी द्यायचा, असा प्रश्न इथे येतो. खर्च येतोच. पण ठेवीदाराचा पैसा बँक फुकट सांभाळत नाही. बचत खात्यावर जून २०२५ पासून स्टेट बँक अडीच टक्के व्याज देते, आणि तोच पैसा त्याच्या तिप्पट-चौपट दराने कर्जाऊ जातो. सार्वजनिक बँकांनी २०२४-२५ मध्ये मिळून १.७८ लाख कोटींचा निव्वळ नफा मिळवला. कॅनरा बँकेने जून २०२५ पासून सर्व बचत खात्यांवरचा हा दंड काढून टाकला आणि पाठोपाठ आणखी काही सार्वजनिक बँकांनीही काढला. त्या बुडाल्या नाहीत.

नियम इथेही होतेच. दंड तुटीच्या प्रमाणात हवा, आधी कळवायला हवे, दंडामुळे शिल्लक शून्याखाली जाता कामा नये, हे २०१४ मध्ये सांगून झाले आहे. शून्य शिलकीचे मूलभूत बचत खाते २०१२ पासून कोणालाही मागता येते, त्यासाठी गरिबीचा दाखला लागत नाही. ही सोय काउंटरवर आपणहून कोण सांगते? ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दोन महिन्यांचे ३,००० रुपये जमा झाले तेव्हा काही बायकांच्या खात्यांतून जुन्या थकबाकीपोटी रक्कम वळती झाली, आणि हे पैसे कापू नका असे मंत्री आदिती तटकरे यांना बँकांना सांगावे लागले. सरकारी मदत खात्यात पडताच दंड वसूल करणारी आज्ञावली बँकांनी वेळेवर लिहून घेतली होती. त्याच बायकांच्या खात्यांना आधार जोडायच्या रांगा मात्र शाखांबाहेर उन्हापावसात उभ्या होत्या.

मनुष्यबळाचा मुद्दा खरा आहे. २०१७ मध्ये २७ सार्वजनिक बँका होत्या, १ एप्रिल २०२० पर्यंत १२ उरल्या. विलीनीकरणात शाखा एकत्र आल्या आणि खातेदारांचे कागद इकडचे तिकडे झाले. देना आणि विजया बँकेचे जुने आयएफएससी कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाल्यावर किती तरी पेन्शनरांना नवी चेकबुके, नवी पासबुके आणि नवे कोड घेऊन प्रत्येक कार्यालयात जावे लागले. पुरेशी भरती करा, ही मागणी घेऊन बँक कर्मचारी संघटनांनी मार्च २०२५ मध्ये दोन दिवसांचा संप पुकारला होता आणि तो नंतर पुढे ढकलला. ती मागणी रास्त आहे आणि ग्राहकांनी तिला पाठिंबा द्यायला हवा. एका खिडकीवर कॅश, पासबुक आणि आधार जोडणी अशी तीन कामे करणाऱ्या कारकुनावर ओरडून ग्राहकाच्या हाती काही लागत नाही.

पण माणसे कमी असतील तर आहेत ती कोणत्या कामाला लावली आहेत, हेही पाहिले पाहिजे. विमा पॉलिसी, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्ड यांचे टार्गेट शाखेला महिन्यागणिक असते. मृत्यूचे किती दावे पंधरा दिवसांत निकाली काढले, याचे टार्गेट नसते. मुदत संपलेल्या एफडीचे पैसे घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याला बसवून चहा दिला जातो, तो विम्याच्या कागदावर सही घेण्यासाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टेट बँकेच्याच परिषदेत अर्थमंत्र्यांनी फसवून विमा विकण्यावर टीका केली आणि बँकांनी आपले मूळ काम सांभाळावे असे बजावले. वेळ कमी आहे ही सबब तेव्हाच मानता येईल, जेव्हा तो वेळ कमिशनच्या धंद्यात जात नसेल.

भाषेचेही तेच. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने मराठीसाठी बँकांत आंदोलन केले आणि काही दिवसांनी राज ठाकरे यांनी ते थांबवायला सांगितले. कर्मचाऱ्यावर हात उगारणे चूकच. पण काउंटरवरच्या पाट्या आणि ग्राहकांचे अर्ज इंग्रजी, हिंदी आणि राज्याची भाषा अशा तिन्हींत असावेत, हा रिझर्व्ह बँकेचाच आदेश आहे, आणि तो आंदोलनाच्या कितीतरी आधीचा आहे. कर्जाचा करार वाचता येत नसलेल्या माणसाची त्यावर सही घेणारी बँक पुढे ‘तुम्ही सही केली आहे’ म्हणून त्याला गप्प करते. शेतकऱ्याच्या बाबतीत याला आणखी एक जोड आहे. ग्रामीण भागात व्यक्तीला कर्ज देताना इतर बँकांचे ‘नो ड्यूज’ दाखले मागू नका, असे २०१५ मध्ये सांगितलेले असूनही पेरणीच्या तोंडावर माणसे त्या कागदांसाठी गावातल्या बँका आणि सोसायट्या पालथ्या घालतात.

आता शेवटचा बचाव, की नाराज ग्राहकाला लोकपालाचे दार उघडे आहे. १२ नोव्हेंबर २०२१ पासून ते खरोखरच सोपे झाले. फी नाही, वकील नको, देशभरासाठी एकच योजना, आणि २०२१ च्या त्या योजनेत २० लाखांपर्यंत भरपाई. २०२३-२४ मध्ये तिथे ९ लाख ३४ हजारांवर तक्रारी गेल्या. त्याच वर्षी ९५ व्यापारी बँकांकडे थेट आलेल्या तक्रारी एक कोटीहून जास्त होत्या, हे गव्हर्नरांनीच सांगितले. पण लोकपालाकडे जाण्याआधी बँकेला लेखी तक्रार द्यावी लागते आणि तीस दिवस वाट पाहावी लागते. तक्रारीची पोच न देणारी शाखा हे दार पहिल्याच पायरीवर लावून घेते. आणि कोर्टाचा रस्ता किती लांब असतो, ते कोलकात्याच्या एका ग्राहकाला विचारावे. त्याचे लॉकर युनायटेड बँक ऑफ इंडियाने १९९४ साली, भाडे भरलेले असताना आणि त्याला न कळवता, फोडले आणि दुसऱ्याला देऊन टाकले. सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी पाच लाखांची भरपाई दिली आणि ती चूक करणारे अधिकारी अजून सेवेत असतील तर त्यांच्या पगारातून वसूल करायला सांगितली. रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत लॉकरचे नियम करायला लावले, म्हणून ऑगस्ट २०२१ चे नियम आले. एका माणसाच्या आयुष्यातली पंचवीसहून अधिक वर्षे त्यासाठी गेली.

बँकांच्या सेवेवर समित्या कमी झालेल्या नाहीत. १९७५ मध्ये आर. के. तलवार, १९९० मध्ये एम. एन. गोईपोरिया, नंतर तारापोर, २०१० मध्ये एम. दामोदरन, २०२२ मध्ये बी. पी. कानुंगो. सल्ल्यांची कमतरता कधीच नव्हती. दंडासह आलेले थोडे नियम पाहिले की फरक कळतो. एटीएममधून पैसे न येता खात्यातून कापले गेले तर पाच दिवसांत परत द्यायचे, नाहीतर दिवसाला १०० रुपये, हा २०१९ चा नियम. कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये, हा १ डिसेंबर २०२३ पासूनचा. यांत ग्राहकाला विनवणी करावी लागत नाही आणि शाखाधिकाऱ्यालाही वरिष्ठांना सांगायला ठोस कारण मिळते. हीच पद्धत केवायसीमुळे गोठवलेल्या खात्यांना, घरपोच सेवेला आणि ऑनलाइन चोरीतल्या दहा दिवसांच्या मुदतीला लावायला काय हरकत आहे? भरपाई ग्राहकाने अर्ज न करता आपोआप जमा झाली पाहिजे, कारण मागितल्याशिवाय न मिळणारा पैसा शंभरातल्या नव्वदांना कधीच मिळत नाही.

आज बँकांना वार्षिक अहवालात तक्रारींची एकूण संख्या आणि मुख्य कारणे छापावी लागतात, आणि सरासरीपेक्षा जास्त तक्रारी येणाऱ्या बँकेकडून त्या सोडवण्याचा खर्च वसूल करण्याची तरतूदही जानेवारी २०२१ पासून आहे. त्यात दोन आकडे वाढवावेत. वर्षभरात मृत्यूचे किती दावे पंधरा दिवसांत निकाली निघाले, आणि विलंबापोटी किती रुपये भरपाई दिली. हे आकडे शाखावार द्यावेत आणि प्रत्येक शाखेच्या दारावर मराठीत लावावेत, शेजारी २००५ आणि २०२५ च्या दोन्ही परिपत्रकांचा मराठी मजकूर असावा. म्हणजे पुढच्या वेळी कोणी वारस दाखला मागितला, तर त्या बाईला तो नियम भिंतीवर वाचून दाखवता येईल.